ग्रिड, एंटर आणि पळणारी ओळ

ग्रिड हा काय लेख लिहायचा विषय आहे का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण गेली पाच-सहा वर्षं मी पोटापाण्यासाठी जे काही करतोय त्यातलं निम्मं तरी ग्रिडच आहे, त्यामुळे एकदा त्याच्यावर लिहायलाच हवं होतं.

जे सॉफ्टवेअरमध्ये नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बँकेत काउंटरपलीकडच्या माणसाच्या स्क्रीनवर, मेडिकलवाल्याच्या बिलात, कुरिअरच्या ऑफिसात जे आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेलं कोष्टक दिसतं ना, तेच ग्रिड. त्यात नुसतं बघता येतं असं नाही, त्यात टाइपही करता येतं, आणि खरी गंमत (आणि खरा त्रास) तिथेच सुरू होतो.

इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आम्हाला कंपायलर शिकवला, ग्राफ शिकवले, ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली. ग्रिडवर एकही लेक्चर झालं नाही. आणि नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं मी फक्त ग्रिडच केला. आई शेजारणीला सांगायची, "आमचा सॉफ्टवेअर बनवतो." आमचा खरं तर रकान्याची रुंदी चार पिक्सेलने कमीजास्त करत बसलेला असायचा :-)

दुसरा प्रश्न मित्र विचारतात तो असा, की आजच्या काळात डेस्कटॉप अ‍ॅप कोण करतं? सगळं तर ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर गेलंय. गेलंय, मान्य. पण जिथे एक माणूस दिवसभर बसून शेकडो आकडे भरतो, तिथे अजूनही खूप ठिकाणी डेस्कटॉपच आहे. कारखान्याचं स्टोअर, हॉस्पिटलचं बिलिंग, गोडाऊनची आवक-जावक, पतसंस्था. या माणसांना सुंदर पान नको असतं. त्यांना बोटांचा वेग हवा असतो.

थोडा इतिहास

ग्रिड काही कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेला नाही. आपली रोजकीर्द आणि खतावणी हे ग्रिडच. सातबारा म्हणजे काय, तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, असे दोन तक्ते एका कागदावर. सहकारी संस्थेत सभासदांची जी नोंदवही असते तिला 'आय' नमुना आणि यादीला 'जे' नमुना म्हणतात, तेही रकानेच. आमच्या लहानपणी बाबा कधी कधी ऑफिसचं रजिस्टर घरी आणायचे. सेक्टरमधल्या सगळ्याच बाबांचं हेच. (अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. तिथे प्रत्येक घरात एक सरकारी बाबा आणि एक स्टीलची पट्टी असायचीच.) पट्टी लावून लाल पेनने उभ्या रेघा मारायचं काम माझ्याकडे असायचं. म्हणजे माझा पहिला ग्रिड मी सात-आठ वर्षांचा असताना केला म्हणायला हरकत नाही.

स्क्रीनवरच्या ग्रिडचा सर्वांत गाजलेला पूर्वज म्हणजे व्हिसीकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी तो केला आणि १९७९ मध्ये अ‍ॅपल टू वर तो आला. कागदावर एक आकडा बदलला की त्याच्यापुढचे सगळे आकडे खोडून परत लिहायला लागायचे, ते त्याने संपवलं. पण व्हिसीकॅल्क हे पूर्ण प्रोग्रॅम होतं. आमच्यासारख्यांना लागतो तो सुटा भाग, जो आपल्या प्रोग्रॅममध्ये आणून बसवता येतो.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात हे काम फॉक्सप्रोने केलं. त्या काळातल्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये डॉस, लोटस, डीबेस, फॉक्सप्रो हाच क्रम असायचा असं आमचे सीनियर सांगतात. फॉक्सप्रोमध्ये 'ब्राउझ' एवढा एक शब्द टाइप केला की अख्खी फाइल कोष्टकासारखी समोर यायची आणि तिथेच बदलता यायची. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली, २००४ मध्ये शेवटची मोठी आवृत्ती काढली आणि २०१५ मध्ये सपोर्ट बंद केला. पण किती तरी छोट्या संस्थांचे हिशेब त्यानंतरही फॉक्सप्रोवर चालत राहिले. का चालत राहिले, ते पुढे सांगतो.

मग व्हिज्युअल बेसिक आलं. पाचव्या आवृत्तीबरोबर, १९९७ मध्ये, फ्लेक्सग्रिड आला. दिसायला छान, पण त्यात टाइपच करता यायचं नाही! मग लोकांनी जुगाड काढला. एक टेक्स्टबॉक्स लपवून ठेवायचा, आणि कोणी एखाद्या घरावर आलं की तो टेक्स्टबॉक्स मोजूनमापून बरोब्बर त्या घरावर नेऊन ठेवायचा. बघणाऱ्याला वाटायचं घरातच टाइप करतोय. जावाच्या स्विंगमधल्या जेटेबलची तऱ्हा अजून वेगळी. तो प्रत्येक घरासाठी वेगळा भाग बनवतच नाही. एकच भाग घेतो आणि रबरी शिक्क्यासारखा प्रत्येक घरावर उमटवत जातो. आणि २००५ मध्ये डॉट नेट दोन बरोबर आला तो डेटाग्रिडव्ह्यू. माझं पोट याच्यावर चालतं, त्यामुळे याच्याबद्दल जपून बोलतो :-) विनफॉर्म्सचा, म्हणजे ज्यात हा राहतो त्या घराचा, सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांसाठी खुला केला. कधी वेळ मिळाला तर या ग्रिडची फाइल उघडून बघा. संपता संपत नाही.

ग्रिड म्हणजे भास

नवीन मुलांना मी पहिली गोष्ट ही सांगतो की ग्रिडमध्ये डेटा नसतो. एक लाख ओळी आणि वीस रकाने म्हणजे वीस लाख घरं. स्क्रीनवर एका वेळी दिसतात फार तर तीस ओळी आणि दहा रकाने, म्हणजे तीनशे. शहाण्या ग्रिडने फक्त तेवढीच रंगवायची असतात. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये 'व्हर्च्युअल मोड' नावाची सोय आहे. ती चालू केली की ग्रिड तुम्हाला फक्त विचारतो, "अमुक ओळ, तमुक रकाना, इथे काय लिहू?" तुम्ही उत्तर द्यायचं, तो ते रंगवणार आणि विसरून जाणार. वर-खाली सरकवलं की परत तेच.

याचे फायदे सगळ्यांना माहीत आहेत. लाख ओळी झटक्यात उघडतात. पण याचा एक अर्थ असाही आहे की स्क्रीनवरची 'पाचवी ओळ' ही वस्तू नाहीच. ती एक खिडकी आहे. तिच्यामागे आत्ता कोण उभं आहे हे दर क्षणी बदलू शकतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड याच्यावरच आहे.

बाकी ग्रिडच्या खोड्या बऱ्याच. तो लुकलुकतो, कारण डबल बफरिंगचा गुणधर्म आत झाकून ठेवलाय आणि तो मिळवायला त्याच्यावरून आपला वेगळा क्लास बनवायला लागतो. आपोआप रकाने बनवायला सांगितले आणि ते ६५५ च्या वर गेले तर तो एररच देतो, कारण प्रत्येक रकान्याचं 'वजन' मुळात १०० धरलेलं असतं आणि सगळ्यांची बेरीज ६५५३५ च्या वर चालत नाही. कोणाला लागतात ६५६ रकाने? लागतात हो. ग्राहक म्हणून एकदा बसून बघा.

असो. आता मुद्द्याचं.

काकूंची गोष्ट

बाबांच्या ओळखीतल्या एका कर्मचारी पतसंस्थेचं काम मी शनिवार-रविवारी करून देतो. फुकट. (आमच्या एचआरने वाचलं तरी चालेल.) साधारण साडेसहाशे सभासद. दर महिन्याला एक वसुली यादी बनते. सभासद क्रमांक, नाव, शेअर्स, ठेव वर्गणी, कर्जाचा हप्ता, व्याज, तातडीच्या कर्जाचा हप्ता, त्याचं व्याज, एकूण. ही यादी ऑफिसच्या पगार विभागाकडे जाते आणि तेवढी रक्कम पगारातून कापून संस्थेकडे येते. सहकार कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात, कलम ४९ आहे ते यासाठीच. म्हणजे या ग्रिडच्या एका घरात जे टाइप होतं ते तीन आठवड्यांनी कोणाच्या तरी पगारातून खरोखर कमी होतं.

ही यादी भरतात त्या बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मी लहानपणापासून काकू म्हणतो. काकूंनी वीसेक वर्षं फॉक्सप्रोवर काम केलं. त्या टाइप करताना बघणं हा एक अनुभव आहे. डावा हात कागदावर, बोट ओळीवर. उजवा हात नंबरांच्या पॅडवर. नजर कागदावर, स्क्रीनकडे नाहीच. आकडा, एंटर, आकडा, एंटर, आकडा, एंटर. फॉक्सप्रोमध्ये एंटर मारला की कर्सर उजवीकडच्या रकान्यात जातो. ओळ संपली की पुढची ओळ. बोटांना हे इतकं पाठ झालेलं, की मधेच बोललं तरी हात थांबत नाही.

मी या प्रकरणात यायच्या आधी संस्थेने एका सॉफ्टवेअरवाल्याकडून नवीन प्रोग्रॅम घेतला होता. विंडोजवरचा, रंगीत, एकदम झकास. फॉक्सप्रो बंद. पहिल्याच महिन्यात सात सभासदांच्या पगारातून तातडीच्या कर्जाचं व्याज कापलं गेलं, आणि सातही जणांनी तातडीचं कर्ज घेतलेलंच नव्हतं! रक्कम फार नव्हती. पण त्यातला एक शिपाई होता आणि त्या महिन्यात त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. त्याने येऊन काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं, "कर्जच नाही तर व्याज कसलं, मॅडम?"

सॉफ्टवेअरवाल्याने लेखी कळवलं की प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष नाही, ही ऑपरेटरची चूक आहे. संचालक मंडळाने काकूंकडून खुलासा मागितला. काकूंनी तीन ओळींत उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा, की मी आकडे बरोबर ओळीत टाकले होते, पण ओळ जागेवर राहिली नाही. ते वाचून बैठकीत लोक हसले. खुलासा फाइलला लागला आणि 'असमाधानकारक' असा शेरा पडला. वीस वर्षांत पहिला शेरा.

बाबांनी मला हे जेवताना सांगितलं आणि म्हणाले, "ओळ कशी पळेल रे? वय झालं की होतं असं." मी काहीच बोललो नाही. पण ओळ पळू शकते हे मला माहीत होतं.

पळते ती अशी

पुढच्या रविवारी मी काकूंना म्हटलं, "तुम्ही नेहमीसारखं भरा, मी फक्त बघतो." टेस्टच्या डेटावर. आणि त्या सात जणांची यादी हातात घेतली. यादीत एक गोष्ट चटकन दिसली. ज्यांचं व्याज चुकून कापलं गेलं ते सगळे त्या महिन्यातल्या एकेका नवीन कर्जदाराच्या अगदी आधीच्या नंबराचे होते. २१४ ने कर्ज घेतलेलं, व्याज कापलं २१३ चं. दोन ठिकाणी दोन नंबरांचा फरक होता, कारण मधल्या सभासदाचं आधीपासूनच तातडीचं कर्ज चालू होतं. म्हणजे चूक अशीतशी नव्हती, तिला शिस्त होती. माणूस थकून चुकतो तेव्हा तो इतक्या शिस्तीत चुकत नाही.

आता नीट बघा. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये मुळात एंटर मारला की कर्सर उजवीकडे जात नाही, खाली जातो. एक्सेलसारखा. त्या सॉफ्टवेअरवाल्याने ते तसंच ठेवलं होतं. काकूंच्या वीस वर्षांच्या सवयीला हा पहिला धक्का. पण बाई हुशार, त्यांनी आठवड्याभरात त्यावर आपला उपाय काढला. हप्ता टाइप करायचा, एंटर (कर्सर खाली गेला), वरचा बाण (परत आपल्या ओळीवर), उजवा बाण, मग व्याज. एंटर-वर-उजवीकडे. हेही बोटांत बसलं आणि नजर परत कागदावर गेली.

दुसरी गोष्ट. या ग्रिडमध्ये रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की त्या रकान्याप्रमाणे ओळी लागतात. हेही मुळातच चालू असतं, कोणी मुद्दाम करायला लागत नाही. सेक्रेटरी साहेब सकाळी आले होते. तातडीची कर्जं कोणाकोणाची आहेत ते एकत्र बघायला त्यांनी मथळ्यावर दोनदा क्लिक केलं. मोठे हप्ते वर आले, शून्यवाले खाली गेले. शून्यवाले आपापसांत सभासद क्रमांकानेच लागलेले राहिले, त्यामुळे यादी खाली सरकवल्यावर पहिल्यासारखीच दिसत होती.

तिसरी गोष्ट. ग्रिडच्या मागे जो डेटा बांधलेला असतो तो लावलेला क्रम पाळत राहतो. त्याच रकान्यातला आकडा बदलून तुम्ही ओळ सोडलीत की तो लगेच त्या ओळीला तिच्या नवीन जागी नेऊन बसवतो.

आता तिन्ही एकत्र करा. काकू २१४ वर आल्या. हप्ता शून्य होता, तिथे हजार टाइप केले. एंटर. ओळ सोडली गेली, त्यासरशी २१४ उडून वर कर्जदारांत जाऊन बसला. त्याच्या जागेवर २१३ सरकला. काकूंनी वरचा बाण मारला, उजवा बाण मारला आणि व्याज टाइप केलं. कोणाच्या नावावर? २१३ च्या. आणि नजर कागदावर.

ज्यांची कर्जं आधीपासून चालू होती आणि हप्ताही तोच होता, त्यांच्या ओळी हललेल्याच नव्हत्या. चुकले ते फक्त नवीन कर्जदार. आणि त्या खऱ्या कर्जदारांचं व्याज कापलंच गेलं नव्हतं, पण ज्याचे पैसे कापले जात नाहीत तो कशाला तक्रार करतोय!

मी ते तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा ओळ पळाली. चौथ्यांदा काकूंना स्क्रीनकडे बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं, आणि चष्मा काढून पुसला. "मी सांगत होते ना," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत बाबांच्या ओळखीने मला दहा मिनिटं मिळाली. काही समजावलं नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला आणि अध्यक्षांनाच म्हटलं, तुम्ही भरा. कागद हातात दिला, एंटर-वर-उजवीकडे शिकवलं. त्यांनी भरलं, आणि व्याज बरोब्बर शेजाऱ्याच्या नावावर गेलं. या वेळी कोणी हसलं नाही. शेरा काढून टाकल्याची नोंद इतिवृत्तात झाली. नवीन प्रोग्रॅमचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं, ते अजून चालू आहे :-)

मग दोष कोणाचा?

या गोष्टीतला मला सतावणारा भाग हा आहे की सॉफ्टवेअरवाल्याचं पत्र अक्षरशः खोटं नव्हतं. एंटर खाली जातो, हे कागदोपत्री लिहिलेलं आहे. मथळ्यावर क्लिक केलं की ओळी लागतात, हेही. बदललेली ओळ तिच्या जागी जाते, हेही. तिन्ही भाग आपापलं काम चोख करत होते. बग शोधायला गेलात तर एकही ओळ कोड चुकीची सापडणार नाही. तरी एका शिपायाचे पैसे कापले गेले आणि एका बाईला खोटं ठरवलं गेलं.

हे आपल्याकडच्या एका छोट्या संस्थेत झालं म्हणून सात जणांवर निभावलं. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात 'होरायझन' नावाची प्रणाली होती. तिच्या हिशेबात तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त पोस्ट चालवणाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींचं घरदार गेलं. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. त्यातला एक दोष स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावाच्या नावाने ओळखला जातो. रोख रक्कम मिळाल्याची नोंद करताना स्क्रीन अडकायची. माणूस साहजिकच परत एंटर दाबायचा. दर एंटरला तीच नोंद गुपचूप परत व्हायची. त्या एका ठिकाणी चोवीस हजार पौंडांची तफावत आली होती.

बघा, तिथेही एंटरच. आणि तिथेही पहिलं उत्तर हेच, की मशीन बरोबर आहे, माणूस चुकला.

मुळात ज्याला आपण 'डिफॉल्ट' म्हणतो तो कोणाच्या तरी सवयीचा फोटो असतो. एंटर खाली न्यायचा हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर स्प्रेडशीट वापरणारा माणूस असणार, जो स्क्रीनकडे बघत उभा रकाना भरतो. तो चूक नाही. पण तो काकू नाही. काकूंची सवय आडवी आहे, कारण त्यांच्यासमोर कागद आडवा आहे. आपण डिफॉल्ट तसाच सोडतो तेव्हा आपण काही ठरवत नाही असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण दुसऱ्याच्या ऑफिसातली सवय काकूंवर लादत असतो. फॉक्सप्रो इतकी वर्षं का टिकला याचं उत्तर मला इथे मिळालं. लोक जुन्या गोष्टींना चिकटून बसतात म्हणून तो टिकला नाही. त्याचा एंटर त्यांच्या कागदाच्या दिशेने जात होता, म्हणून टिकला.

देवनागरीचा वेगळाच ताप

नवीन ग्रिडमध्ये नावं मराठीत हवीत अशी काकूंची मागणी होती, कारण नोटीस बोर्डावर यादी मराठीत लागते. केली. पण ग्रिडच्या ओळीची उंची मुळात २२ पिक्सेल असते आणि ती रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली. मंगल फॉन्टमध्ये 'कुर्डूकर' लिहून बघा. वर रफार कापला जातो, खाली उकार. नावाचं नाव राहत नाही. उंची वाढवली की स्क्रीनवर मावणाऱ्या ओळी कमी होतात. शेवटी तीस ओळींच्या जागी बावीस ओळींवर तडजोड झाली.

दुसरा ताप अकारविल्ह्याचा. नुसत्या युनिकोडच्या नंबराने नावं लावली तर 'ळ' हा 'ल' च्या मागोमाग येतो, म्हणजे 'काळे' 'कासार'च्या आधी. शाळेत आपण 'ळ' 'ह' नंतर शिकलो. आणि क्षीरसागर मंडळी जाऊन 'क' मध्ये बसतात, कारण कॉम्प्युटरच्या लेखी क्ष म्हणजे क अधिक हलंत अधिक ष. काकूंनी यादी बघून पहिला प्रश्न विचारला, "क्षीरसागर इकडे कसे आले?" मराठीसाठी क्रमाचे नियम वेगळे सांगायला लागतात. ते सांगितले.

शेवटी काय केलं

फार काही नाही. एंटरला उजवीकडे वळवलं. त्यासाठी ग्रिडचा आपला क्लास बनवून दोन फंक्शनं बदलायला लागतात, एक टाइप चालू असतानाच्या एंटरसाठी आणि एक नसतानाच्या. एकच बदललंत तर निम्म्या वेळा कर्सर खाली जाईल आणि ते जास्त वाईट. जे रकाने भरायचे नाहीत ते एंटर ओलांडून जातो. भरणं चालू असताना मथळ्यावरचं क्लिक बंद. क्रम लावून बघायचा असेल तर त्याची वेगळी खिडकी, जिथे टाइप करता येत नाही. कर्सर ज्या ओळीवर आहे त्या सभासदाचा क्रमांक आणि नाव वर मोठ्या अक्षरांत. कर्ज नसलेल्याच्या ओळीत व्याज टाकलं तर आवाज येतो, कारण कागदाकडे बघणाऱ्याला लाल रंग दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो. आणि खाली प्रत्येक रकान्याची बेरीज, जी काकू कागदावरच्या बेरजेशी ताडून बघतात. ही शेवटची कल्पना त्यांचीच. म्हणाल्या, "अरे, बेरीज जुळली नाही की आम्ही यादी पुढे पाठवतच नव्हतो. नवीन प्रोग्रॅमात बेरीज दिसायचीच नाही."

यातलं काहीही एका दिवसापेक्षा जास्त कामाचं नव्हतं. अवघड होतं ते फक्त एकच, शेजारी बसून बघणं. आमच्या धंद्यात आपण वापरणाऱ्याला क्वचितच बघतो. आपल्याकडे येतं ते तिकीट, आणि त्यावर आधीच कोणीतरी 'युजर एरर' असं लिहिलेलं असतं. माझं एवढंच म्हणणं आहे की तो शेरा मारायच्या आधी एक तास त्या खुर्चीशेजारी बसा, आणि एंटर दाबल्यावर कर्सर कुठे जातो आणि त्या माणसाची नजर कुठे असते, दोन्ही बघा. कोणी 'ओळ पळते' म्हणालं तर हसू नका. पळते.